परमुलखातली ठेव

रत्नागिरीला आलेला पाहुणा थिबा पॅलेस पाहतो, संध्याकाळी थिबा पॉइंटवर जाऊन भाट्याची खाडी आणि समुद्र पाहतो, मांडवीला एक फेरी मारतो, आंब्याचे दिवस असतील तर पेटी घेतो आणि परत जातो. ज्याच्या नावाने ही दोन ठिकाणे ओळखली जातात, तो माणूस मात्र इथून परत गेला नाही. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा शिवाजीनगरात आहे, भरवस्तीत, एका आवाराच्या भिंतीआड. त्याच्या वाड्याचा रस्ता कोणीही सांगेल. समाधीचा रस्ता विचारला की सांगणारा जरा थांबतो, आठवतो आणि मग सांगतो.

समाध्या दोन आहेत. मोठी राजाची आणि शेजारची धाकटी राणी सुपयागलेची. खाली चौथरा, वर चढत जाणारे थर आणि शेवटी निमुळता माथा. कोकणच्या पावसाने दगडी बांधकाम काळे पडले आहे. आगोट लागली की त्यावर शेवाळ धरते, दिवाळीनंतर ते वाळून खरबरीत होते. आजूबाजूच्या घरांतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, कोणाच्या गच्चीवर कपडे वाळत असतात, मुले शाळेला जातात. ज्याच्या दरबारात येणाऱ्याला गुडघ्यांवर बसावे लागे, त्या राजाच्या शेजारी असा साधा संसार चालू असतो. मला यात राजाचा अपमान दिसत नाही. मेलेल्या माणसाला जित्या माणसांची सोबत लाभली, एवढेच दिसते.

मी रत्नागिरीची. लहानपणापासून ‘थिबाराजा’ हा एकच शब्द आहे असे समजून वाढले. आजी त्याच्याविषयी बोलायची ती गावातल्या एखाद्या जुन्या घराण्याविषयी बोलावे तशी. राजा कोण होता, कुठला होता, इथे का आला, हे तिने कधी सांगितले नाही. ते पुढे वाचून कळले. आणि कळल्यावर गावाकडे पाहण्याची नजरच बदलली.

थिबा जन्मला १ जानेवारी १८५९ रोजी. मिंडॉन राजाच्या अनेक मुलांपैकी हा एक, आणि गादीवर बसेल अशी फारशी कोणाची अपेक्षा नसलेला. मठात राहून त्याने पाली ग्रंथांचा अभ्यास केला आणि त्यातली अवघड परीक्षा दिली. ऑक्टोबर १८७८ मध्ये मिंडॉन वारला आणि एकोणीस वर्षांचा थिबा राजा झाला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८७९ मध्ये, मंडालेच्या राजवाड्यात त्याच्या सावत्र भावाबहिणींची आणि नातेवाइकांची कत्तल झाली. गादीवर हक्क सांगू शकतील अशी ऐंशीच्या आसपास माणसे मारली गेली. हुकूम कोणाचा, सासूचा, राणी सुपयालतचा की मंत्र्यांचा, यावर इतिहासकार वाद घालतात. पण ते राज्य थिबाचे होते आणि ते रक्त त्याच्या नावावर आहे. समाधीसमोर उभे राहताना मला हे विसरायचे नसते. परागंदा झालेल्या माणसाबद्दल कणव वाटण्यासाठी तो निष्पाप असावा लागत नाही.

त्याचे राज्य गेले ते सागवानाच्या ओंडक्यांवरून. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही मुंबईचे नाव लावणारी इंग्रज कंपनी ब्रह्मदेशातल्या जंगलांतून साग तोडत होती. तोडलेल्या मालाचा हिशेब खोटा दिला, असा ठपका ठेवून मंडालेच्या मंत्रिमंडळाने कंपनीला मोठा दंड केला. इंग्रजांना निमित्त पुरेसे होते. फ्रेंच मंडालेत पाय रोवतील ही धास्तीही होतीच. नोव्हेंबर १८८५ मध्ये जनरल प्रेंडरगास्टच्या फौजा इरावती नदीतून वर सरकल्या आणि पंधरवड्यात मंडाले पडले. अलौंगपयाने १७५२ मध्ये उभे केलेले कोनबाँग घराणे तिथे संपले. राजा, राणी आणि मुलींना बैलगाडीत बसवून नदीकाठी नेले. रस्त्याच्या दुतर्फा प्रजा गुडघे टेकून रडत होती. तिथून बोटीने रंगून, रंगूनहून मद्रास, आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी.

रत्नागिरीच का? आज कोकण रेल्वेने रात्रीत मुंबई गाठणाऱ्या माणसाला हे उमगायला जरा थांबून विचार करावा लागतो. तेव्हा इथे पोहोचायचे ते आगबोटीने. वर सह्याद्रीचे घाट, खाली समुद्र, आणि पावसाळ्याचे चार महिने बंदर बंद. रेल्वे या गावात यायला १९९० चे दशक उजाडावे लागले. ब्रह्मदेश हिंदुस्थानच्या एका टोकाला, रत्नागिरी दुसऱ्या टोकाला. राजाला त्याच्या माणसांपासून तोडायचे तर यापेक्षा बरी जागा कुठली? निसर्गाने आम्हांला दिलेली दुर्गमता सरकारने तुरुंगाच्या भिंतीसारखी वापरली. आम्ही जिला आमचे सौंदर्य म्हणतो, ती त्याची कोंडी होती.

तीस वर्षे तो इथे राहिला. सुरुवातीला सरकारने ठरवून दिलेल्या बंगल्यांत, मग १९१० च्या अखेरीस नव्या वाड्यात. धाकटी मुलगी इथेच जन्मली. पेन्शनीत भागत नसे, बरोबर आणलेले दागिने एकेक करून विकले जात. नगा मौक नावाचे मोठे माणिक कर्नल स्लेडनच्या हाती सोपवले होते आणि ते परत मिळाले नाही, ही त्याची तक्रार शेवटपर्यंत राहिली. कुठे जायचे तर परवानगी, कोण भेटायला येणार तर नोंद. वाड्याच्या मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती होती, ती अजून आहे. जांभ्याचा तो तांबडा वाडा, अर्धवर्तुळाकार सागवानी खिडक्या, वरच्या मजल्यावरून दिसणारी खाडी. हे सारे पाहताना पर्यटक म्हणतात, राजा ऐषारामात राहिला की! जिथून निघता येत नाही ते घर कितीही प्रशस्त असले तरी त्यात ऐषाराम कसला?

१९१२ साली धाकटी राणी सुपयागले गेली. डिसेंबर १९१६ मध्ये राजा गेला, अठ्ठावन्नावे वर्ष पुरे व्हायच्या आत. आणि मग जे घडले त्यावर माझे मन सतत अडते.

थोरली राणी सुपयालतने त्यांना इथे पुरू दिले नाही. राजाचा देह मंडालेला गेला पाहिजे, ही तिची मागणी होती. मिंडॉन राजाची समाधी मंडालेच्या राजवाड्याच्या आवारात आहे, मुलाची जागा बापाजवळ, असा तो साधा हक्क होता. सरकार तयार नव्हते. मेलेला राजा परत गेला आणि त्याच्या समाधीभोवती माणसे जमू लागली तर? जिवंत राजाची भीती वाटणे समजू शकते. इंग्रजांना त्याच्या शवपेटीचीही भीती वाटत होती. त्या दोन पेट्या वाड्याच्या आवारातच राहिल्या, राजाची दोन वर्षांहून अधिक आणि धाकट्या राणीची त्याहूनही जास्त. राणी हट्ट सोडत नव्हती, सरकार परवानगी देत नव्हते. अखेर मार्च १९१९ मध्ये सरकारनेच या समाध्यांत त्यांना ठेवले. त्याच वर्षी सुपयालत मुलींसह ब्रह्मदेशाला परतली. पण तिलाही मंडाले मिळाले नाही. रंगूनलाच राहावे लागले. नोव्हेंबर १९२५ मध्ये ती वारली आणि श्वेडगॉन पगोड्याच्या पायथ्याशी तिची समाधी बांधली गेली.

म्हणजे नवरा अरबी समुद्राकाठी आणि बायको इरावतीच्या मुखाजवळ. जिने राजाच्या आयुष्यात दुसऱ्या कोणा बाईला जागा मिळू दिली नाही असे म्हणतात, ती सुपयालत दूर एकटी. आणि हयातभर बहिणीच्या सावलीत राहिलेली सुपयागले राजाच्या शेजारी. या गोष्टीचा अर्थ लावण्याचा मी प्रयत्न करत नाही. मृत्यूनंतर कोण कोणाजवळ राहील, हे त्या कुटुंबातल्या कोणीच ठरवले नाही. ते सरकारी टेबलावरच्या कागदांनी ठरवले. मला बोचते ते हे.

मी अग्नी देणाऱ्या घरात वाढले. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या देहाचे काही मागे राहत नाही. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा होतात, वाहत्या पाण्यात सोडल्या जातात, दहाव्याला कावळा शिवला की घर सुटकेचा श्वास टाकते. समुद्रात बुडालेल्याचा देह हाती लागला नाही तर पळसाच्या पानांची आकृती करून तिला अग्नी द्यायचा. देह नसला तरी चालतो, निरोप मात्र नीट झाला पाहिजे, असे आमचे शास्त्र सांगते. त्यामुळे समाधीसमोर जाऊन उभे राहावे, ती झाडावी, फुले वाहावीत, हे संन्याशांच्या आणि संतांच्या बाबतीत ठाऊक. परमुलखातल्या, परधर्मातल्या, रक्ताचे नाते नसलेल्या माणसाच्या समाधीशी कसे वागायचे, हे आम्हांला कोणी शिकवलेले नव्हते.

ते मला एका ब्रह्मी म्हाताऱ्याने शिकवले. समाधीजवळ एकदा काही ब्रह्मी यात्रेकरू भेटले. गेरुवे चीवर घातलेले दोन भिक्खू, काही बायका आणि हा म्हातारा. सगळे जमिनीवर गुडघे टेकून बसले. तीनदा कपाळ भुईला लावले. मेणबत्त्या लावल्या, फुले ठेवली, पालीत पठण केले. बुद्धगया आणि सारनाथ करून ते मुद्दाम इतक्या लांब आले होते. सोबतच्या दुभाष्याकडून त्या म्हाताऱ्याने मला प्रश्न विचारला. मला वाटले, राजाबद्दल काही विचारेल. त्याने विचारले, “इथे झाडतं कोण?”

पुढे रंगूनला, म्हणजे आजच्या यांगूनला, जायचा योग आला तेव्हा हा प्रश्न माझ्या सोबत होता.

तिथे बहादूरशहा जफर यांचा दर्गा आहे. थिबाची उलट बाजू म्हणावी अशी ती कथा. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीच्या या शेवटच्या बादशहावर खटला चालला आणि १८५८ मध्ये त्याला रंगूनला पाठवले गेले. ७ नोव्हेंबर १८६२ रोजी तो वारला आणि इंग्रजांनी त्याच दिवशी घाईने दफन उरकले. कबर कुठे आहे हे कोणाला कळू नये म्हणून भोवती बांबूचे कुंपण घातले, वर गवत उगवू दिले. कुंपण कुजेल, गवत माजेल आणि मोगलांचा शेवटचा बादशहा कुठे पुरला आहे हे ओळखायला खूण उरणार नाही, असा हिशेब होता. त्याची बेगम झीनतमहल १८८६ मध्ये तिथेच वारली. ज्या वर्षी ब्रह्मदेशाचा राजा आमच्या बंदरात उतरला, तेच वर्ष. साम्राज्याने हिंदुस्थानचा राजा ब्रह्मदेशात नेऊन टाकला आणि ब्रह्मदेशाचा राजा हिंदुस्थानात आणून टाकला. ज्याला जिथे कोणी ओळखत नाही तिथे त्याला मरू द्यायचे, ही त्यामागची रीत.

पण रंगूनच्या साध्या मुसलमानांनी तो हिशेब चुकवला. बादशहा त्यांना पीर वाटला. अंदाजाने जागा धरून ते दिवा लावत राहिले, दुवा मागत राहिले. १९०७ मध्ये इंग्रजांना तिथे नावाचा दगड बसवावा लागला. आणि १९९१ मध्ये पाण्याची चारी खोदताना विटांनी बांधलेली खरी कबर सापडली. आज वर चादरी चढवलेल्या कबरी आहेत आणि खाली तळघरात बादशहाची मूळ कबर. तिथे झाडणाऱ्या माणसाने मला हिंदुस्थानीत विचारले, “कुठून आलात?” रत्नागिरी हे नाव त्याने ऐकलेले नव्हते. मी म्हटले, “तुमचा राजा आमच्या गावात आहे.” तो केरसुणी भिंतीला टेकवून उभा राहिला आणि म्हणाला, “मग आपण शेजारी झालो.”

तिथून मी श्वेडगॉनजवळच्या सुपयालतच्या समाधीपाशी गेले. पांढरी, वरवर निमुळती होत गेलेली. त्याच आवारात संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस राहिलेले यू थांट यांचीही समाधी आहे. स्वतंत्र ब्रह्मदेशाने आपल्या मोठ्या माणसांच्या पंगतीत तिला बसवले आहे. मी फुले वाहिली. रत्नागिरीकर म्हणून मला तिला काहीतरी सांगावेसे वाटले, पण काय सांगणार? ज्या गावातून तिने सुटका मागितली, त्याच गावाची मी. मग मनात एवढेच म्हटले की ते ठीक आहेत, वस्तीत आहेत, एकटे नाहीत.

मंडालेत गेल्यावर मात्र वेगळीच गाठ पडली. किल्ल्याच्या चौकोनी खंदकाकडे पाहताना मराठी माणसाला थिबाच्या आधी लोकमान्य आठवतात. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, २३ जुलै १८५६ चा. त्यांचे जन्मस्थान टिळक आळीत आजही आहे. १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे ते मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात होते. १९१० च्या हिवाळ्यात मंडालेचा राजा रत्नागिरीच्या नव्या वाड्यात राहायला गेला आणि त्याच हिवाळ्यात रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत पेन्सिलीने गीतारहस्य लिहीत होता. १९१२ साली इथे सुपयागले वारली आणि त्याच साली टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, ती बातमी त्यांना तुरुंगात कळली. एकाच सत्तेने एकाला पूर्वेकडे आणि दुसऱ्याला पश्चिमेकडे नेले होते, आणि दोघांच्या घरचा शोक दोघांच्या मातीपासून दूर झाला. टिळक सुटून आले. त्यांना पुन्हा आपली माणसे, आपली भाषा, आपले आंदोलन मिळाले. थिबाला ते मिळाले नाही. पुढे मार्च १९४५ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत मंडालेचा तो सागवानी राजवाडा जळून गेला. आज दिसतो तो नंतर नव्याने उभारलेला. जिथून राजाला हाकलले ती मूळ वास्तू उरली नाही आणि जिथे कोंडले तो वाडा रत्नागिरीत उभा आहे.

मराठी माणसाने हा विषय परक्यांचा म्हणून सोडून द्यावा असे नाही, हे मला फ्लॉरेन्सने पटवले. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज युरोपचा प्रवास करून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघे वीस. शहराच्या टोकाला, कॅशिने उद्यानात, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. आपल्या रीतीला संगम हवा, तो त्या परक्या शहरात शोधला गेला आणि त्या शहराने तो दिला. १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली आणि तिच्याखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. आजही ती आहे. इटलीची माणसे त्या ठिकाणाला ‘इंडियानो’ म्हणतात, आणि जवळच्या पुलालाही तेच नाव आहे. मी तिथे गेले तेव्हा आजूबाजूला लोक सायकली फिरवत होते, कुत्री हिंडवत होते. दीडशे वर्षे होऊन गेली. तिथल्या नगरपालिकेला कोल्हापूरच्या गादीशी काही देणेघेणे नाही. तरी छत्री उभी आहे, दुरुस्त होते, लोकांच्या ओठी तिचे नाव आहे. शिवछत्रपतींच्या घराण्यातला एक मुलगा परमुलखात गेला आणि त्याची आठवण तिथल्या लोकांनी सांभाळली, याचे समाधान घेऊन मी परतले. मग मनात आले, रत्नागिरीत येणारा ब्रह्मी माणूस हेच समाधान शोधायला येत असणार. आपण त्याला ते देतो का?

राजाच्या रक्ताची एक शाखा तर रत्नागिरीतच रुजली. थोरल्या राजकन्येचे राजाच्या चाकरीतल्या गोपाळ सावंतांशी नाते जुळले आणि १९०६ मध्ये मुलगी झाली, तुतू. कुटुंबाबरोबर ब्रह्मदेशाला गेलेली राजकन्या पुन्हा रत्नागिरीत आली आणि १९४७ साली इथेच वारली. तुतू इथेच वाढल्या, मराठी बोलल्या, इथेच लग्न केले, कष्टाचा संसार केला आणि २००० साली नव्वदी उलटल्यावर इथेच वारल्या. आजीच्या पिढीतल्या बायकांना त्या आपल्यातल्याच एक म्हणून ठाऊक होत्या. राजाच्या या नातीने कोणताही किताब मिरवला नाही. ज्या गावाला तिच्या आजीने कैद मानले, ते तिने आपले मानले. गाव परक्या माणसाला आपलेसे करते ते भाषणांनी करत नाही. शेजार, बाजार, सण आणि अडीनडीला दिलेला हात यांनी करते. हा मोठेपणा आमच्या गावाने दाखवला आहे, हे मला अभिमानाने सांगावेसे वाटते.

ब्रह्मदेशालाही हे गाव उशिरा का होईना आठवले. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे आले, समाधीपुढे नतमस्तक झाले. डिसेंबर २०१६ मध्ये राजाच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष, सैन्यप्रमुख, भिक्खू आणि राजघराण्याचे वंशज समाधीपाशी जमले. त्याच काळात आपले पंतप्रधानही रंगूनला जफर यांच्या कबरीवर फुले वाहत होते, २०१२ मध्ये मनमोहन सिंग, २०१७ मध्ये नरेंद्र मोदी. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि तो देश पुन्हा यातनेत बुडाला. राजाच्या समाधीपर्यंत यायला निघालेल्या साध्या माणसाची वाट आणखी अवघड झाली.

अधूनमधून मागणी होते की राजाचे अवशेष ब्रह्मदेशाला न्यावेत आणि जफर यांचे दिल्लीला आणावेत. भावना मी समजू शकते. सुपयालतच्या हट्टात जो न्याय होता तो आजही न्यायच आहे, आणि त्या देशाच्या लोकांनी एकमताने मागितले तर रत्नागिरीने एका शब्दाने अडवू नये. पण माझे मत विचाराल तर या समाध्या आहेत तिथेच असाव्यात. देहाला परमुलखात टाकणे हा साम्राज्याचा अन्याय होता. नंतर त्या मुलखाने त्या देहाला आपले म्हणणे हे मात्र माणसांचे काम आहे. रंगूनच्या मुसलमानांनी लावलेला दिवा, फ्लॉरेन्सने जपलेली छत्री, तुतूंना शेजारीण मानणाऱ्या रत्नागिरीच्या बायका, यांनी त्या अन्यायाला दिलेले उत्तर अवशेष हलवून पुसले जाईल. दोन देशांमध्ये करार येतात आणि मोडतात. एकमेकांच्या मातीत एकमेकांचे पूर्वज असणे हा त्याहून पक्का धागा आहे.

म्हणून मी या समाधीला ठेव म्हणते. ठेव आपली नसते, म्हणूनच ती जास्त जपायची असते. धन्याने आज मागितली नाही म्हणून ठेवीवर धूळ साचू द्यायची नसते, आणि तो आला की ती स्वच्छ, सुरक्षित, जशीच्या तशी दाखवता आली पाहिजे. आपण आपल्या देवराया राखल्या, मूळपुरुषांची ठाणी राखली, राखणदाराला नारळ द्यायला विसरलो नाही. ज्या गावाला राखण करणे ठाऊक आहे, त्याला ही एक राखण जड नाही.

रत्नागिरीकरांनो, एवढे करूया. घरी पाहुणे आले की त्यांना थिबा पॅलेस दाखवाल, तसे शिवाजीनगरातल्या समाधीवरही न्या. शाळांनी वाड्याची सहल काढली की शेवटचा अर्धा तास मुलांना समाधीपाशी बसवा आणि त्यांना हा राजा कुठून आला, का आला आणि परत का जाऊ शकला नाही, हे सांगा. रस्त्याच्या वळणावळणावर मराठीत आणि ब्रह्मी लिपीत दिशा दाखवणाऱ्या पाट्या हव्यात, म्हणजे मंडालेहून आलेल्या म्हाताऱ्याला कोणाला विचारत फिरावे लागणार नाही. पावसाळा सरला की आसपासच्या वाड्यांतल्या तरुणांनी आवार साफ करावे, दगडाला इजा होऊ न देता. आणि डिसेंबरात, राजाच्या मृत्यूच्या महिन्यात, रत्नागिरीतल्या कोणीतरी तिथे चार फुले ठेवावीत. म्हणजे पुन्हा कोणी ब्रह्मी यात्रेकरूने विचारले की इथे झाडतं कोण, तर आपल्याला सरळ सांगता येईल: आम्ही.